वस्तीत वास करू नये

"नाक कसं आहे तुमचं?"

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. एकट्या बाईमाणसाला खोली द्यायची म्हणजे त्या काळी घरमालक वडिलांचं नाव, गाव, जात, पगार, अजून लग्न का नाही, असं सगळं विचारून नाकी नऊ आणत. मी उत्तरं पाठ करून गेले होते, पण नाकाची तयारी केली नव्हती. मला वाटलं, नाकीडोळी कशी आहे ते तोंडावर विचारताहेत, आणि माझा पारा चढला. तेवढ्यात त्यांनी बंडीच्या खिशातून एक बाटली काढली, बूच उपटलं आणि ती माझ्या नाकाखाली धरली.

"सांगा, काय आहे?"

"स्पिरिट," मी म्हटलं. "आणि त्यात काहीतरी गोडसर आहे. लाख का?"

"कोन्त्या झाडाची?"

"ते मला काय ठाऊक!"

"हरकत नाई, ते शिकवता येते." म्हातारा एकदम खूश झाला. "खोली तुमची. सामान कधी आनता?"

मी गोंडपिपरीकडची. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला म्हणून त्या गावी नवीनच आले होते. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूरला होती आणि गडचिरोली ही चांद्यातलीच एक तहसील होती. वैनगंगेच्या अलीकडच्या त्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं अजून मला ओळखतात, आणि पुढे एका घरातल्या सुकटीचा विषय निघणार आहे.

घरमालकांना सगळं गाव काकाजी म्हणायचं, म्हणून मीही काकाजीच म्हणू लागले. त्यांचा धंदा सरस आणि वार्निसचा. पुढे ओटा, मधे दोन खोल्या, मागे भलंमोठं अंगण आणि अंगणात चुलाणावर कढई. कढईत कातड्याचे तुकडे आणि हाडं शिजायची आणि त्यातून सुताराचा सरस व्हायचा. बाजूच्या पडवीत जंगलातून आलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळत ठेवलेली असायची, तिचं वार्निस. आमच्याकडे सागवान मुबलक, त्यामुळे सुतारही मुबलक, आणि दहा गावांतले सुतार काकाजींच्या सरसाशिवाय दुसऱ्याला हात लावत नसत. वास कसा असेल याची कल्पना ज्यानं सरसाची कढई बघितली आहे त्यालाच येईल. पहिल्या दिवशी मी जेवलेच नाही. पुढच्या दिवशी थोडं जेवले. महिनाभरात सवय झाली, म्हणजे वास येत राहिला पण मी त्याच्याशी भांडणं सोडून दिलं.

नाकाचं कोडं काही दिवसांनी उलगडलं. काकू आतल्या घरात होत्या. काकाजींनी इकडेतिकडे बघितलं आणि ओट्यावर माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "बाई, माझं नाक मेलं आहे."

"म्हणजे?"

"म्हंजे मेलं. एका थंडीत सर्दी झाली. सर्दी गेली तं नाक संग घेऊन गेली. आता गुलाब धरा का मेलेला उंदीर धरा, मले दोन्ही सारखेच."

नाकाशिवाय सरस शिजवणं म्हणजे कठीण काम. कच्चा वास सरून एक गोडसर वास सुटतो, तेव्हाच कढई उतरवायची. जरा उशीर झाला की करपट वास येतो, आणि सगळा माल फुकट जातो. हाताखाली राजन्ना नावाचा सिरोंच्याकडचा गडी होता, कामाला वाघ, पण त्याला तपकिरीचं इतकं व्यसन की त्याच्या नाकात तपकिरीशिवाय दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. म्हणून काकाजी भाडेकरू नाक बघून ठेवत. माझ्या आधी एक पोस्टातले होते, त्यांची बदली झाली. आता माझी पाळी होती.

"पण काकूंना का नाही विचारत? त्या तर घरातच असतात."

काकाजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फार आडमुठी आहे.

"तिले मालूम नाई," ते म्हणाले. "अन् होऊ बी द्यायचं नाई."

झालं होतं असं, की नाक गेलं त्या दिवसांत काकूंनी एकदा मोठ्या हौसेनं काहीतरी केलं आणि विचारलं, वास कसा आला. काकूंना स्वैपाकाचा भारी अभिमान. काकाजी म्हणाले, "वा! गल्लीभर सुटला." दुसऱ्या दिवशी तेच म्हणावं लागलं. मग रोजच. सरसासारखं ते वाक्य त्यांना चिकटून बसलं. आता इतक्या वर्षांनी उठून सांगायचं, की बाई, मी खोटं बोलत आलो, तर काकूंचं एकूणएक जेवण खोटं ठरणार. बायकोनं इतकी वर्षं जे जे रांधलं त्याची शाबासकी परत घ्यायची हिंमत त्या माणसात नव्हती. एरवी गावच्या म्युनिसिपल कमिटीच्या अध्यक्षालाही ते तोंडावर बोलत.

तेव्हापासून मी दोन नोकऱ्या केल्या. शाळेतली, आणि काकाजींच्या नाकाची. शाळेला जायच्या आधी आणि आल्यावर मी कढईवर वाकून वास घ्यायचे आणि हळू आवाजात "अजून कच्चा", "आता उतरवा" असं सांगायचे. माझं जेवणही काकूंकडेच होतं. जेवणाच्या वेळी काकाजींना मदत म्हणून स्वैपाकघराच्या दाराशी जाऊन मोठ्यानं बोलायचे, "काकू, आज वांगी वाटतं!" मग ओट्यावरून आवाज यायचा, "वा! वांग्याचा वास तं गल्लीभर सुटला!" काकू फुलून यायच्या. एकदा मी शाळेतच अडकले, दूध करपलं आणि काकाजी बाहेरून म्हणाले, "वा! खीर करून राह्यली वाटते!" त्या दिवशी काकू बराच वेळ पातेलं घासत बसल्या.

काकूंनी मात्र मला कढईवर वाकलेली इतक्या वेळा बघितली होती, की त्यांनी आपला एक अर्थ लावला आणि गल्लीत सांगून टाकला, "आमच्या मास्तरीनबाईले सरसाचा वास लई आवडते." शाळेतल्या मुलींच्या कानावर ते गेलं आणि माझं नाव सरसबाई पडलं. मी ते निमूट सोसलं.

काकाजींच्या बोलण्यात 'चिकट' हा शब्द फार वरच्या दर्जाचा होता. जो टिकतो, सोडून जात नाही, दिल्या जागी राहतो, तो चिकट. देवळातल्या पुजाऱ्याला ते कौतुकानं चिकट म्हणत, मलाही एकदोनदा म्हणाले. या शब्दानं एकदा घोळ केला. गावातल्या एका मुलाची चौकशी करायला मुलीकडची मंडळी आली. त्यांनी ओट्यावर बसलेल्या काकाजींना विचारलं, मुलगा कसा आहे हो?

"पोरगा? लई चिकट आहे. असा चिकट पोरगा या गावात दुसरा नाई!"

मंडळी चहा न घेता परतली. मुलाच्या बापानं दारात येऊन आकांडतांडव केलं. काकाजींना आपलं काय चुकलं तेच कळेना. मग बैलगाडीनं मुलीच्या गावी जाऊन त्यांनी चिकट या शब्दावर एक लांबलचक व्याख्यान दिलं, एक फुटका पाळणा सरसानं जोडून दाखवला आणि लग्न जुळवून आणलं. त्या जोडप्याला मुलं झाली तेव्हा तोच पाळणा वापरला, असं ऐकलं.

जोडण्याचा त्यांना नादच होता. गल्लीत काही मोडलं की ते आपण होऊन घेऊन जात आणि सरस लावून परत आणून देत. भजनी मंडळाच्या पेटीची एक पट्टी त्यांनी इतकी पक्की चिकटवली की तो सूर कायमचा लागून राहिला. तेव्हापासून आमच्या गावातलं भजन त्याच एका सुरात व्हायचं, आणि मार्कंड्याच्या जत्रेत दुरून ऐकूनही ओळखू यायचं की आपली मंडळी आली.

आणि मग तो पंप आला. मलेरियावाले घराघरांत डासांचं औषध मारून गेले, त्यांचा एक मोडका हातपंप काकाजींनी मागून घेतला. दुरुस्त केला, आत वार्निस भरलं आणि दांडा ओढून फस्सकन सोडला. ब्रशनं अर्धा दिवस लागायचा ते कपाट बघता बघता चमकू लागलं. काकाजींच्या अंगात आलं. सुतारांचं सामान झालं, मग आमची दारं झाली, ओट्याचे खांब झाले, पोळ्याला बैलांची शिंगं झाली. ऊन तिरपं असलं की त्या फवाऱ्यात इंद्रधनुष्य दिसायचं, ते मी स्वतः पाहिलं आहे, आणि ते दिसत असताना सगळी गल्ली खोकत असायची. समोरच्या सोनाबाईंची शेळी एकदा मधे आली आणि पिवळीधमक चकचकीत होऊन घरी गेली.

"काकाजी," सोनाबाई दारातून ओरडल्या, "माझी शेळी लग्नाले निघाली काय?"

"पानी लागलं तरी आता काई होत नाई तिले," काकाजी म्हणाले. सोनाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना खोकला लागला तो थांबेना. त्यांना दमा होता. एकट्या राहायच्या, पत्रावळी लावून पोट भरायच्या. त्यांच्या पाटाचा पाय, लाकडी डब्याचं झाकण, देव्हारा, सगळं काकाजींनीच जोडून दिलेलं होतं.

असं चाललं असताना एके दिवशी दवंडी आली.

झालं असं होतं की वरून, नागपूरहून, एका नव्या नियमाचा मसुदा आला होता. सरस, रोगण, वार्निस करणारे आणि फवारणारे जे कोणी असतील त्यांनी राहत्या वस्तीची हवा घाण करू नये, हरकती असतील तर कळवाव्यात, असा त्याचा मतलब. मसुदा इंग्रजीत होता. कमिटीच्या हेडक्लार्कबाबूंनी त्याचं मराठी केलं. बाबूंना जड मराठीची आवड. त्यांनी लिहिलं, 'अशा कारखानदारांनी वस्तीत उग्र वास करू नये.' कागद फळ्यावर लागला आणि कोतवाल डफडं घेऊन निघाला. कोतवालाची एक पद्धत होती, जो शब्द जिभेला अडायचा तो तो गाळायचा. त्यानं 'उग्र' गाळला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं हाळी दिली:

"आयका हो आयका! सरसवाल्यायनं अन् वार्निसवाल्यायनं यापुढं वस्तीत वास करू नये हो!"

काकू दळण घेऊन येत होत्या, त्या जागीच थबकल्या. कीर्तनात त्यांनी देवाचा वास ऐकला होता, रामाचा वनवास ऐकला होता. वास करणं म्हणजे राहणं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आत येऊन त्यांनी दळण खाली ठेवलं आणि रडायलाच लागल्या.

"आमाले वनवास दिला हो! आता आमी कुठी जाऊ? या घरात मी माप ओलांडून आली. काऊन काढून राह्यले आमाले?"

गल्ली गोळा झाली. सोनाबाई पदर खोचून म्हणाल्या, "कोन काढते पाहू! आमी सारे जाऊ कमिटीत." राजन्ना "अय्यो, अय्यो" करत डोक्याला हात लावून बसला. काकाजी मात्र खांबाला टेकून शांतपणे विचार करत होते. शेवटी म्हणाले, "पन मी वस्तीत वास करतोच कुठी? मी तं राह्यतो."

मी शाळेतून आले, फळ्यावरचा कागद वाचूनच आले होते. सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की अहो, राहायला कुणाची मनाई नाही. इथे वास म्हणजे नाकाचा वास. सरसाचा, वार्निसचा. तो वस्तीत सोडायचा नाही, एवढंच म्हणणं आहे. लोकांना ते पटलं नाही. मास्तरीणबाईला कागदातलं काय कळतं, कमिटीचा डाव असणार, असं म्हणत मंडळी पांगली. काकूंनाही पटलं नाही. पटलं ते फक्त काकाजींना, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. घर जाणार असं ऐकून उतरला नव्हता इतका.

सगळे गेल्यावर म्हणाले, "बाई, वास आंगनाच्या बाहेर जाते?"

मला प्रश्नच कळला नाही. मी समजत होते की हे त्यांना ठाऊकच आहे. पण त्यांचं नाक गेलं तेव्हा कढई लहान होती, पंप नव्हता, आणि त्या वेळचा वास खरोखर अंगणातच राहत असावा. त्यांच्या हिशेबी तो अजून तेवढाच होता. मी त्यांना रोज वास सांगायचे तो कढईपाशी उभी राहून. बाहेरचं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"चला," ते म्हणाले. "जिथपर्यंत येते तिथपर्यंत चला."

कढई ऐन रंगात होती. आम्ही दोघं निघालो. ओट्यावरून उतरलो, त्यांनी विचारलं, येते? मी म्हटलं, येतो. सोनाबाईंच्या दारापाशी आलो.

"येते?"

"इथे तर फार येतो, काकाजी. वारा इकडेच वाहतो."

सोनाबाईंची खिडकी बंद होती. काकाजी त्या खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही खिडकी नेमी बंद असते. मले वाटे, एकटी बाई आहे, लाजेनं लावते."

विहिरीवर येतो. मारुतीच्या देवळात येतो. शाळेच्या फाटकाशी येतो. दर वेळी ते थांबत, माझ्या तोंडाकडे बघत आणि मी मान हलवली की पुढे चालू लागत. बाजारात धण्याजिऱ्याच्या दुकानापुढे मी जरा घुटमळले, तर घाईनं म्हणाले, "गेला का? गेला?" नव्हता गेला. इतकी आशा त्यांच्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती, आणि मला त्या वेळी माझ्या नाकाचा फार राग आला. गाव संपलं, मामा तलावाची, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाची, पाळ लागली. पाळीवर चढल्यावर पाण्याचा, चिखलाचा वास आला आणि सरसाचा गेला. मी तसं सांगितलं.

काकाजी पाळीवर खाली बसले. समोरून सगळं गाव दिसत होतं.

"म्हंजे बाई," ते म्हणाले, "कोतवाल बराबर बोलला. मी येवढ्या गावात वास करून राह्यलो होतो."

मला हसू आलं आणि लगेच जिरलं. ते पुढे म्हणाले, "सोनाबाई खोकलते, मी तिले हळदीचं दूध सांगतो. अन् खोकला माझ्याच आंगनातून जाते! आता कमिटीत उभं राहून सांगा लागन, का नियम बरोबर आहे. कढई इथी आनीन, पाळीच्या पलीकडं. पन ते इचारतील, इतके दिवस काऊन नाई समजलं तुमाले? मंग मी काय सांगू? नाक नाई म्हनून सांगू? ती तिथीच बसली राहीन ना."

ती म्हणजे काकू. गल्लीबरोबर त्याही कमिटीत जाणार होत्या. मी म्हटलं, त्यांना घरी ठेवा. काकाजी म्हणाले, "घर वाचवाले जाते म्हनते. कशी ठेवू?"

हरकती ऐकायच्या दिवशी कमिटीच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष पेशानं वकील होते, बोलायला गोड. त्यांनी सुरुवात करायच्या आधीच सगळी गल्ली एकसुरात बोलू लागली, आमच्या काकाजीले गावाबाहेर काढू नका! अध्यक्ष गांगरले. बाबूंकडे वळले. बाबू उठून ओरडले, "अहो, राहायला कोण मनाई करतंय? वास! दुर्गंधी! घाण वास!"

गल्ली एकदम गप्प झाली. म्हणजे मास्तरीण खरं सांगत होती तर. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पण माणूस वाचवायला म्हणून एकदा निघालेले लोक, ते अर्ध्यातून परत कसे फिरणार? सोनाबाईच पुढे झाल्या.

"कोन्ता वास, साहेब? आमी समोर राह्यतो. आमाले काई वास येत..."

नाई म्हणायच्या आत त्यांना खोकला लागला. त्या भिंतीला धरून खोकत राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण हातानं नाही नाही असं दाखवत होत्या. कोणीतरी पाणी दिलं. त्या खोकल्यात काकाजी उभे राहिले.

"साहेब, सोनाबाई खोटं बोलून राह्यली. माझ्यासाठी बोलून राह्यली. वास येते. माझ्या आंगनापासून तलावाच्या पाळीपर्यंत येते. नियम बरोबर आहे. मी कढई पाळीच्या पलीकडं नेतो."

अध्यक्ष खूश झाले, पण वकीलच ते. "काकाजी, एवढं ठाऊक होतं, तर आजवर काही केलं का नाही?"

काकाजींनी बायकांच्या बाजूला बघितलं. काकू पुढेच बसल्या होत्या. सगळा दिवाणखाना उत्तराची वाट बघत होता, आणि मी मनात देवाला विनवत होते की काहीतरी थाप मारा, काहीही मारा.

"मले वास येत नाई, साहेब," काकाजी म्हणाले. "कैक वर्ष झाले. सरसाचा येत नाई, वार्निसचा येत नाई." इथे थांबले असते तरी चाललं असतं. कमिटीला तेवढंच हवं होतं. पण ते पुढे म्हणाले, "घरच्या वरनाचा बी येत नाई."

मग बाबूंकडे वळून, "अन् बाबू, तुमचं लिहिनं सुधरवा. वास करू नये लिहू नका, वास सोडू नये लिहा. वास तं आमी करू." लोक हसले, अध्यक्ष हसले, बाबूंनी खाली बघत शब्द खोडून दुसरा लिहिला. काकू हसल्या नाहीत. पदर सावरून उठल्या आणि आमच्यापुढे एकट्याच चालत घरी गेल्या.

कढई पाळीपलीकडे गेली. पंपही गेला. आमच्या गल्लीला कितीतरी वर्षांनी हवा मिळाली आणि त्याबरोबर एकमेकांचे वासही मिळाले. सोनाबाईंची खिडकी उघडली. कुणाच्या घरी कधी लसूण पडतो ते कळू लागलं. गल्लीच्या टोकाला एक कडक माळकरी कुटुंब होतं, कांदासुद्धा न खाणारं, त्यांच्याकडून एके सकाळी सुकट भाजल्याचा घमघमाट आला. सरसानं इतकी वर्षं त्यांची अब्रू सांभाळली होती. गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

आमच्या घरात मात्र शांतता होती. काकू कामापुरतं बोलत. ताट वाढत आणि पाठ करून चुलीपुढे बसत. काकाजींना आता 'वा' म्हणायची सोय उरली नव्हती, आणि दुसरं काय म्हणावं ते सुचत नव्हतं. ते खाली मान घालून जेवत. मीही दाराशी जाऊन वांगी-मेथी ओरडणं सोडलं होतं. इतक्या दिवसांत मला त्या घरात पहिल्यांदाच परकं वाटलं.

असंच एकदा काकाजी आणि मी जेवायला बसलो होतो. काकूंनी वरण वाढलं, पाठ केली आणि चुलीकडे तोंड करूनच बोलल्या.

"लसून जरा जास्त झाला आज. कडवट वास येऊन राह्यला, नाकात चढते असा. वरून तूप टाकलं, त्यानं तो खाली बसला."

काकाजींचा घास हातातच राहिला.

"अन् भाताचा?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"नवा तांदूळ आहे. वल्या मातीसारखा येते. गोड." मग जरा थांबून, "तुमी आधीच सांगतलं असतं तं मी रोज सांगतला असता. मी काय दुसऱ्या गावात राह्यत होती?"

काकाजी वरणभात कालवून खाऊ लागले, पण इतके सावकाश, की भात गार झाला तरी उठेनात. मी ताट उचललं आणि विहिरीवर हात धुवायला गेले.

माझी नाकाची नोकरी तिथे संपली. दुसऱ्या दिवसापासून काकू शिदोरी बांधून कढईवर जाऊ लागल्या. त्यांचे गुडघे दुखत, तरी पाळ चढत. त्यांचं नाक माझ्याहून कितीतरी तयार निघालं. सरस कधी उतरवायचा ते त्या दगडावर बसल्या जागेवरून सांगत, आणि राजन्नाची तपकीर त्यांनी महिन्याभरात बंद केली.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर तलावावर गेले. माल उतरवून झाला होता. दोघं पाळीवर शेजारी शेजारी बसली होती, मी जरा बाजूला. वारा पाण्यावरून येत होता. काकू मांडीवर हात ठेवून एकेक सांगत होत्या. चिखल सुकून राह्यला आहे, त्याचा. पलीकडं कोनी पाला जाळून राह्यलं, त्याचा. रानातून मोहाचा येऊन राह्यला, लई गोड, डोकं धरते असा. काकाजी डोळे मिटून ऐकत होते, मान हलवत होते, शाळेतल्या मुलीनं कविता ऐकावी तसे.

"अन् माझा?" त्यांनी विचारलं. "माझा येते का काई?"

काकूंनी त्यांच्या खांद्याशी नाक नेलं.

"तुमचा सरसाचाच येते," त्या म्हणाल्या. "किती बी धुवा, जात नाई तो."

"घान येते?"

"येते."

काकाजी ओशाळून जरा बाजूला सरकले. काकूंनी त्यांच्या बंडीचा कोपरा धरला आणि त्यांना परत जवळ ओढून घेतलं.

"बसा इथीच," त्या म्हणाल्या. "विहिरीवर पानी आनाले गेली, तरी मले त्याच वासावरून समजे तुमी आंगनात आहा म्हनून."